ओबनहून सेंट किल्डा, स्किपरसह शिडाची बोट: किती रात्री, कोणती बोट, काय विचारायचं?

माचिवा
नमस्कार मंडळी. पुढच्या जूनमध्ये स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर शिडाच्या बोटीतून फिरायचा बेत आहे. आम्ही चौघं: मी, बायको, लेस्टरला राहणारा मेहुणा आणि त्याची बायको. वयं ४५ ते ६०. शिडाचा अनुभव कुणालाच नाही, त्यामुळे स्किपर (बोट चालवणारा कप्तान) हवाच. मुख्य ओढ सेंट किल्डा या अटलांटिकमधल्या दूरच्या बेटसमूहाची. ओबन या बंदरगावाहून सहा रात्रींची आणि दहा रात्रींची अशा दोन सफरी दिसताहेत.

सहा रात्रींत सेंट किल्डा होतं का? बोट निवडताना नेमकं काय विचारायचं? जाहिरातीत सगळ्याच बोटी देखण्या दिसतात. दोघं पक्के शाकाहारी, त्यातल्या एकीला ताम्हिणी घाटात गाडीसुद्धा लागते. कपडे, बॅग, व्हिसा, विमा यांवरही लिहा.

"कशाला नसते धंदे, स्वित्झर्लंडला जा" हा सल्ला घरातून मिळालेला आहे, तो परत नको.

सारंग_८
सहा रात्रींत होऊ शकतं, पण त्या भरवशावर पैसे भरू नका. हिशोब बघा. ओबनहून मलच्या सामुद्रधुनीतून टोबरमोरी साधारण २५ सागरी मैल (एक म्हणजे १.८५ किमी). तिथून अर्डनामर्खनचं टोक मागे टाकून कॅना बेट आणखी ३० च्या आसपास. कॅनाहून युइस्ट किंवा बारा (Barra) ही बेटं गाठायला जवळपास तितकंच. मग बाहेरच्या हेब्रिडीज बेटांच्या रांगेमधून पलीकडे निघून, म्हणजे हॅरिसच्या सामुद्रधुनीतून, हिर्टा (सेंट किल्डाचं मुख्य बेट) अंदाजे ५० मैल. बारा-चौदा मीटरची बोट सरासरी ६ नॉटने (तासाला ६ सागरी मैल) जाते. म्हणजे शेवटचा टप्पा एकटाच आठ-नऊ तासांचा, तोही वारा सोयीचा असेल तर. वारा समोरून असला की नागमोडी जावं लागतं, अंतर दीडपट होतं आणि बहुतेक स्किपर सरळ इंजिन लावतात.

जायला तीन दिवस, यायला तीन. सहा रात्रींत हवामानासाठी राखीव दिवस उरतच नाही. दहा रात्रींत तीन दिवस हाताशी राहतात आणि सगळी गंमत त्या तीन दिवसांत आहे, कारण हवा उघडेपर्यंत थांबता येतं. सुट्टी सहाच रात्रींची असेल तर ओबनऐवजी लेव्हरबर्ग (हॅरिस) किंवा लॉकमॅडी (उत्तर युइस्ट) या तिकडच्या बंदरांहून सुटणारी सफर शोधा. तिथून सेंट किल्डा एका दिवसावर आहे.

आता बोट. सगळ्यात आधी हा प्रश्न विचारा: बोटीचं कोडिंग कोणत्या वर्गाचं आहे? ब्रिटनमध्ये पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या छोट्या बोटींना सागरी सुरक्षेच्या नियमांखाली प्रमाणपत्र लागतं. वर्ग ३ म्हणजे सुरक्षित बंदरापासून २० मैलांपर्यंत, वर्ग २ म्हणजे ६० मैलांपर्यंत. सेंट किल्डा उत्तर युइस्टच्या पश्चिमेला सुमारे ६४ किमीवर आहे, तेव्हा वर्ग २ हवाच. वर्ग ३ ची बोट कितीही चकाचक असली तरी तुम्हाला तिकडे नेऊ शकत नाही. मालक "बघू, हवा चांगली असेल तर" म्हणाला तर तिथेच फोन ठेवा.

दुसरं, स्किपरकडे आरवायएचं (रॉयल यॉटिंग असोसिएशन) यॉटमास्टर ऑफशोअर प्रमाणपत्र आणि त्यावर व्यावसायिक शिक्का आहे का? तिसरं, बोटीवर दुसरा माणूस (मेट) आहे का? पाहुणे सहा-आठ असतील आणि स्किपर एकटाच असेल तर रात्री नांगराकडे कोण बघणार, तो झोपणार कधी? चौथं, किमतीत काय धरलंय. जेवण, डिझेल, मूरिंगचं (बोट बांधायच्या जागेचं) भाडं हे काही ठिकाणी आत, काही ठिकाणी वेगळी वर्गणी काढून. हे लेखी घ्या.

चौघांनी पूर्ण बोट घ्यायची गरज नाही, बर्थप्रमाणेही मिळते. फक्त केबिनमधले दोन बर्थ शेजारी आहेत की वर-खाली, आणि वरच्यावर चढायला काय आहे, ते विचारा. साठीच्या गुडघ्यांना हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

खारा_वारा
सारंगदादांनी अंतराचं गणित दिलं. मी नांगराचं सांगतो, कारण बऱ्याच सफरी हिर्टाच्या दारातून परत फिरतात आणि लोक उगाच स्किपरवर चिडतात.

हिर्टावर थांबायला जागा एकच, व्हिलेज बे. उपसागराचं तोंड आग्नेयेकडे. तळाला वाळू आहे, नांगर धरतो. वारा पश्चिम किंवा वायव्येकडून असेल तोवर ठीक, जरी डोंगरावरून खाली कोसळणारे झोत बोटीला गरागरा फिरवतात. वारा पूर्वेकडे वळला की उपसागर म्हणजे सापळा. लाट थेट आत येते आणि मागे खडकाळ किनारा. मग रात्रीचे दोन वाजले असोत, नांगर उचलून निघायचं. वारा पूर्वेला वळणार असा अंदाज असेल तर शहाणा स्किपर तिकडे जातच नाही. उत्तरेला ग्लेन बे आहे, पण तिथे पाणी खोल आणि नांगराची पकड बेताची.

दुसरी अडचण स्वेलची. वारा शून्य, आकाश निळं, आणि तरी उतरता येत नाही. अटलांटिकमध्ये शेकडो मैलांवर होऊन गेलेल्या वादळाची लांब लाट दोन-तीन दिवसांनी इथे पोचते. मोठी बोट धक्क्याला लावत नाहीत, डिंगीने (छोट्या होडीने) उतरायचं असतं. डिंगी लाटेबरोबर अर्धा-पाऊण मीटर वर-खाली होत असते. पायरीवर पाऊल ठेवायचं ते डिंगी वर आलेली असताना, आणि उडी मारून नाही. एक हात मेटच्या मनगटाला, दुसरा मोकळा, कॅमेरा पाठीवरच्या जलरोधक पिशवीत. गळ्यात लटकवलेला कॅमेरा पायरीवर आपटतोच. लाइफजॅकेट किनाऱ्यावर पोचल्यावर काढायचं, डिंगीत नाही.

बोट धक्क्याला न लावण्याचं मोठं कारण उंदीर. बेटावर उंदीर नाहीत आणि लाखो समुद्रपक्षी जमिनीत किंवा कड्यांवर अंडी घालतात. एक गाभण उंदरीण पोचली तरी पुरे. म्हणून बॅगा झटकून बघणं, खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणं हे नियम आहेत आणि बेट सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडचे वॉर्डन विचारतात. पाळीव प्राणी आणता येत नाहीत.

अजून एक गोष्ट जाहिरातीत नसते. हेब्रिडीजमध्ये लष्कराची क्षेपणास्त्र-चाचणीची हद्द आहे. युइस्टच्या किनाऱ्यापासून ती पश्चिमेला पसरते आणि हिर्टावर रडारतळही आहे. मारा चालू असेल त्या वेळी तो पट्टा टाळावा लागतो. तारखा ठरवण्याआधी मालकाला त्या आठवड्याचं वेळापत्रक पाहायला सांगा.

भरती-ओहोटीचं थोडक्यात: उधाणाच्या दिवसांत स्काय बेट आणि मुख्य भूमीमधल्या काइल ऱ्हीमध्ये प्रवाह ८ नॉटपर्यंत धावतो. तुमची बोट ६ ची. म्हणजे उलट दिशेने गेलात तर शिडं फुगलेली आणि बोट मागे. त्यामुळे सकाळी सहाला निघायचं की दुपारी दोनला, हे नाश्त्यावर नाही, प्रवाहावर ठरतं. प्रवाह आणि वारा समोरासमोर आले की पाणी उभं राहतं, आखूड आणि खड्या लाटा. अर्डनामर्खनला हे नेहमीचं. निवड असेल तर अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस टाळून भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांतली सफर घ्या, पहिल्यांदा जाणाऱ्याला सुसह्य पडते.

मेतकूट
माचिवा, गाडी लागणं आणि शाकाहार यांबद्दल: झेपेल, पण तयारी घरूनच.

बोट लागणं: गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर उपयोग नाही, पोट ती पुढे ढकलतच नाही. सिनारिझिन (स्टुजेरॉन) निघण्याआधी किमान दोन तास. प्रोमेथाझिन थिओक्लेट (अव्होमिन) घेत असाल तर आदल्या रात्री झोपताना, आणि तिने गुंगी येते. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही नको. साठीच्या मंडळींनी हे हलक्यात घेऊ नये. एकदा घरी सुट्टीच्या दिवशी घेऊन किती झोप येते ते बघा.

गोळीइतकंच महत्त्वाचं म्हणजे खाली केबिनमध्ये कमीत कमी वेळ घालवणं. लोक नेमके चार्जर शोधायला, मोजे बदलायला, लघवीला खाली जातात आणि तिथेच आडवे होतात. दुसऱ्या दिवशीचे कपडे, टोपी, गोळ्या, पाण्याची बाटली रात्रीच एका छोट्या पिशवीत भरून हाताशी ठेवा. वर आल्यावर नजर क्षितिजावर. आणि स्किपरला सांगून सुकाणू हातात घ्या. ज्याच्या हातात सुकाणू त्याला सहसा कमी लागतं, कारण बोट कुठे झुकणार ते शरीराला आधी कळतं. पोट रिकामं ठेवू नका. कोरडी भाकरी, खाखरा, क्रीमची नसलेली बिस्किटं. आलेपाकाची वडी चघळायला छान, पण ती औषधाच्या जागी नाही. उलट्या झाल्या तर ओआरएस घोट-घोट.

शाकाहार: बुकिंगच्या वेळी आहाराचा फॉर्म येतो. त्यात नुसतं "व्हेजिटेरियन" लिहून थांबू नका. "मासे नाहीत, अंडी चालतात की नाहीत, चिकन-माशांचा स्टॉक नाही" असं फोड करून लिहा. सूपमध्ये स्टॉक असतोच. शेगडी दोन चुलींची, बोटीच्या झुकण्याबरोबर झुलणारी. त्यावर पोळ्या लाटायचे मनसुबे नकोत. एका भांड्यात होईल असं काही: मुगाची खिचडी, उपमा, पिठलं-भात. गोडा मसाला, मेतकूट, भाजलेला रवा, पोहे, कोरड्या चटण्या भारतातून नेता येतात. तूप, पेढे, खव्याचं काहीही नेऊ नका. भारतातून दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. लोणी-दही ओबनच्या टेस्कोत मिळतं. डाळ-तांदळासाठी आणि तुपासाठी लेस्टरचे मेहुणे आहेतच, तिथे काय मिळत नाही!

कपडे: जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा. सुती कापड ओलं झालं की बोटीवर वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेतं. अंगालगत मेरिनो किंवा सिंथेटिक, वर फ्लीस, त्यावर जलरोधक जॅकेट-पँट. हे वरचे कपडे बरेच मालक देतात, माप आधी कळवा. जूनमध्येही दिवसाचं तापमान १२ ते १६ अंश, समुद्र १२ च्या आसपास, वर वारा. लोकरीची टोपी हवीच. बूट पांढऱ्या किंवा डाग न पाडणाऱ्या तळव्याचे. चाकाची कडक सुटकेस आणू नका, ठेवायला जागाच नसते. घडी होणारी मऊ डफल बॅग आणा.

मिजेस, म्हणजे केसांतून आत घुसणाऱ्या बारीक चावऱ्या माश्या, वारा पडला की संध्याकाळी थव्याने येतात. किनाऱ्यावर उतरताना डोक्यावर जाळी, अंगाला स्मिज (मिजेस पळवणारं औषध). बोट किनाऱ्यापासून लांब नांगरलेली असेल तर त्रास बराच कमी.

उत्तरतारा
सगळ्यांचं वाचलं. माझं मत जरा वेगळं आहे. पहिल्याच सफरीत सेंट किल्डाचा हट्ट कशाला? १९३० च्या २९ ऑगस्टला शेवटचे ३६ रहिवासी तिथून हलवले, त्यांची ओळीने उभी दगडी घरं, बाराशेच्या वर दगडी कोठारं (क्लीट), बोरेरे बेटाजवळ समुद्रातून १९६ मीटर उभा असलेला स्टॅक अन आर्मिन, हे सगळं अफाट आहे, वाद नाही. पण घाटात गाडी लागणाऱ्या माणसाला उघड्या अटलांटिकमध्ये नऊ तास?

सहा रात्रींत ओबन, टोबरमोरी, ट्रेश्निश बेटांपैकी लुंगा, स्टाफा, कॅना, रम, आणि परत, हा आडोशाचा मार्ग घ्या. एका दिवसाचा पल्ला चार ते सहा तास. लुंगावर जूनमध्ये पफिन पक्षी हाताच्या अंतरावर येतात, माणसं जवळ असली की शिकारी पक्षी लांब राहतात म्हणून. जुलै संपता संपता ते समुद्रावर निघून जातात. उतरायला मात्र गोल धोंड्यांचा किनारा आहे. पूर्ण ओहोटीला त्यांवर शेवाळ उघडं पडतं, तेव्हा मधल्या पाण्याला उतरायचं. स्टाफाची फिंगल्स केव्ह म्हणजे बेसॉल्टचे षट्कोनी खांब. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर दगड ओळखीचा वाटेल, पण इथे त्यात समुद्र घुसलेला आहे. तिथे रात्रीचा मुक्काम नाही, शांत पाण्यातच थांबता येतं. कॅनाचं बंदर मात्र बहुतेक वाऱ्यांत सुरक्षित.

सेंट किल्डा बघायचंच असेल तर नंतर लेव्हरबर्गहून एका दिवसाच्या वेगवान मोटारबोटीने जा. साधारण तीन तास जायला, तीन यायला, आणि रद्द झाली तर दुसऱ्या दिवसासाठी विचारायचं. म्हणून हॅरिसमध्ये दोन-तीन रात्री काढून ठेवा.

माचिवा
खूप आभार. उत्तरतारा यांचा मार्ग + लेव्हरबर्गची मोटारबोट, असं बायकोला पटलंय. मेहुणा अजून दहा रात्रींवर अडून आहे. व्हिसा-विमा राहिलंच. आणि एक नाजूक प्रश्न: बोटीवरचा संडास?

सारंग_८
नाजूक कसला, बोटीवरची सगळ्यात जास्त बिघडणारी वस्तू ती. बहुतेक हातपंपाचा असतो. झडप उघडायची, पंप मारून समुद्राचं पाणी आत, मग खटका फिरवून नुसतं बाहेर. पंधरा-वीस दणके मारा, चार मारून सोडू नका, नाहीतर नळीत अडकून राहतं. पोटातून आलेलं सोडून आत काही टाकायचं नाही. ओले वाइप्स, पॅड, केस यांपैकी एकाने जरी नळी तुंबली तर स्किपरला ती सगळी खोलावी लागते. टॉयलेट पेपर टाकायचा की वेगळ्या पिशवीत, हे बोटीगणिक वेगळं, पहिल्याच दिवशी विचारा. पाण्याने धुण्याची सवय असेल तर छोटा मग घेऊन जा आणि बोट झुकलेली असताना बसूनच सगळं, पुरुषांनीसुद्धा. गोडं पाणी टाकीतलं, मोजकं. अंघोळ म्हणजे दोन मिनिटांचा शॉवर, तोही दिवसाआड धरून चाला.

व्हिसा: भारतीय पासपोर्टला ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा, शेंगेन चालत नाही. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, निर्णयाला साधारण तीन आठवडे धरतात. जूनसाठी मार्चअखेरीस अर्ज टाका. विम्यात "सेलिंग" शब्द आहे एवढ्यावर खूश होऊ नका. किनाऱ्यापासून किती मैलांपर्यंत, ते कलम वाचा. काही पॉलिसी १२ सागरी मैलांवर थांबतात, मेहुण्यांच्या दहा रात्रींना त्या कामाच्या नाहीत. हेलिकॉप्टरने हलवल्यानंतरचा इस्पितळाचा खर्च आणि सफर हवामानामुळे बदलली तर काय, हेही बघा. बहुतेक मालक मार्ग बदलल्याचे पैसे परत देत नाहीत.

ग्लासगो क्वीन स्ट्रीट स्टेशनहून ओबनची आगगाडी तीन तासांच्या थोडी वर, दिवसाला मोजक्याच फेऱ्या, रविवारी आणखी कमी. बोट परत येण्याच्या दिवशीच संध्याकाळचं मुंबईचं विमान पकडायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा, मधे एक पूर्ण दिवस ठेवा.