मदत हवी आहे: एनएफएचएस-५ मधून काढलेला खुजेपणाचा आकडा अहवालाशी जुळत नाही

एमएस्सी संख्याशास्त्र, दुसरं वर्ष. सामुदायिक वैद्यक विभागातल्या इंटर्नशिपसाठी चाचणी आहे: एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१) वरून महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपणाचं (वयाच्या मानाने उंची कमी असण्याचं) प्रमाण काढायचं, आर या संगणकभाषेतल्या कोडसकट. अहवालात ३५.२ टक्के आहे, माझं बरंच कमी येतंय. केआर (मुलांची) फाइल घेतली, एचडब्ल्यू७० (वयानुसार उंचीचा रकाना) उणे २०० पेक्षा कमी ते खुजे, भागिले एकूण मुलं. कुठे चुकतंय? सोमवारी द्यायचंय.

प्रतिसाद १

चूक भाजकात आहे. या रकान्यात झेड-स्कोअर (उंची त्या वयाच्या प्रमाण उंचीपासून किती प्रमाण विचलनं दूर आहे तो आकडा) शंभरपट करून ठेवलेला असतो, म्हणून उणे २०० बरोबरच. पण तिथेच ९९९६, ९९९७, ९९९८ असे कोडही असतात. उंची किंवा वय न पटणारं असलं की ते पडतात. ही मुलं अंशात येत नाहीत, भाजकात मात्र बसतात, म्हणून टक्का घसरतो. ९९९० च्या वरचं सगळं आधी एनए (माहिती नाही) करा. ज्यांची उंची मोजलीच नाही तीही भाजकातून काढा.

दुसरं म्हणजे फाइल. केआरमध्ये फक्त मुलाखत झालेल्या बायकांची मुलं असतात. आई वारलेली किंवा दुसरीकडे राहणारी असेल, तर ते मूल त्यात सापडत नाही. अहवालातला आकडा पीआर (घरातल्या सगळ्या सदस्यांच्या) फाइलवरून काढलेला आहे: रकाना एचसी७०, आदल्या रात्री त्या घरात झोपलेली मुलं (एचव्ही१०३ बरोबर १), भारांक (नमुन्यातल्या प्रत्येक नोंदीला द्यायचं वजन) एचव्ही००५ भागिले दहा लाख. महाराष्ट्राचा एचव्ही०२४ (राज्य) कोड २७.

प्रतिसाद २

पीआरमध्ये २८ लाखांवर ओळी आहेत, अख्खी उघडलीत तर साधा लॅपटॉप अडकेल. आरच्या हेवन पॅकेजने वाचताना लागतील तेवढेच रकाने निवडा. वरच्यांखेरीज एचव्ही०२१ (पीएसयू, म्हणजे नमुन्यात आधी निवडलेली गावं-वस्त्या) आणि एचव्ही०२२ (स्तर, म्हणजे नमुना निवडण्याआधी पाडलेले गट) हवेत. सर्व्हे पॅकेजमध्ये डिझाइन (भारांक, पीएसयू आणि स्तर यांची मांडणी) पूर्ण फाइलवर बांधा आणि महाराष्ट्र नंतर वेगळा काढा. आधीच गाळलंत तर काही पीएसयू डिझाइनमधून नाहीसे होतात आणि प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) चुकू शकते. टक्का तोच राहतो, त्यामुळे ही चूक डोळ्यांना दिसत नाही. तपासणारा नेमकं तेच बघेल.

प्रश्नकर्ता

३५.२ आलं! मनापासून आभार. कोडसोबत फाइलही जोडू का?

प्रतिसाद १

अजिबात नको. डेटा तुमच्या नोंदणीवर मिळालेला असतो, तो पुढे द्यायची परवानगी नसते. कोड पाठवा, आणि वर टिपेत लिहा: फाइल कोणती, किती मुलं गाळली, कोणत्या कारणाने किती.