सीईटीचे गुण सारखे, कॉलेज वेगळे: फरक कपाटातल्या फायलीचा की आणखी कशाचा?

सेतूकाठी
दोन मुलं घ्या. दोघं ओबीसी, दोघांना इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे एमएचटी-सीईटीत, 94 पर्सेंटाइल. एकाचे आजोबा प्राथमिक शिक्षक होते, दुसऱ्याचे ऊसतोडीला जायचे. कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या संपेपर्यंत पहिल्याची जागा राखीव गटातून पक्की होते आणि दुसरा खुल्या गटात ढकलला जातो. कारण जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र.

ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो. भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, प्रवेश निर्गम उतारा, जुनं खरेदीखत किंवा फेरफार. म्हणजे त्या काळात घरात कुणी शाळेत गेलेलं हवं, नाहीतर नावावर जमीन हवी. दोन्ही नसेल तर कोतवाल बुक, अर्थात गाव नमुना 14, गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. ते तहसीलच्या अभिलेख कक्षात, अनेकदा मोडीत. मग मोडी वाचणारा शोधा, लिप्यंतर करून घ्या.

वडिलांकडच्या रक्तनात्यात एकाची वैधता झालेली असेल तर पुढच्यांच्या फायली भराभर निघतात. पहिलीच फाइल असेल तर दक्षता पथकाची चौकशी, त्रुटीपत्र, सुनावणी. जाणत्या घरात हा अर्ज अकरावीतच जातो. बाकीच्यांना त्याचं नाव कॅपच्या अर्जात पहिल्यांदा दिसतं.

आडवा_छेद
सहमत नाही. एक तर ही गोष्ट जातीची आहे, तुम्ही तिला वर्गाचा सदरा घातलाय. दुसरं, वैधता हातात नसली तरी समितीकडे अर्ज केल्याची पावती चालते, मूळ कागदाला वेगळी मुदत मिळते. वेळापत्रक, नियम सगळं संकेतस्थळावर फुकट आहे.

जागा जातात त्या कॉलेजांचे पर्याय भरायच्या अर्जात. शंभरावर पर्याय भरता येतात, लोक आठ-दहा भरून मोकळे होतात. 2025 च्या प्रवेशापासून पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप गोठते, म्हणजे तीच घ्यावी लागते, पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसरीत पहिल्या सहांपैकी मिळालं तरी तेच. 'सेफ' कॉलेज वर टाकणारा तिथेच अडकतो. यादी आवडीच्या क्रमाने लावायची, कटऑफच्या क्रमाने नाही, एवढं साधं आहे. ही चूक बंगल्यातली मुलंही करतात, तीही समुपदेशकाला पैसे मोजून.

सेतूकाठी
दोघं एकाच जातीचे घेतले ते मुद्दाम. जात तीच ठेवूनही निकाल बदलतो, तर बदलवणारं काय आहे?

पावतीचं बरोबर. पण मुदत संपली आणि वैधता आली नाही तर राखीव जागा जाते, आणि पावतीवर धावणारी मुलं बहुतेक पहिल्या फायलीवालीच असतात. 'सेफ' कॉलेज वर का टाकतात तेही बघा. घरून एसटीच्या पासवर जाता येईल असं कॉलेज पहिलं टाकलं जातं, कारण खोली आणि मेसचा हिशेब जमत नाही. त्याला तुम्ही अज्ञान म्हणताय.

आणि नॉन-क्रीमी लेअरचा दाखला, म्हणजे ओबीसींमधल्या सधन घरातले नसल्याचा. मर्यादा 8 लाखांची, पण पगार आणि शेतीचं उत्पन्न त्यात धरत नाहीत. आईवडील वरच्या श्रेणीतले अधिकारी नसतील तर 14 लाख एकत्र पगार असलेलं जोडपं कायदेशीरपणे पात्र ठरतं. किराणा दुकानवाल्याचा नफा मात्र पूर्ण मोजला जातो. हे ठाऊक असलेला दाखला काढतो, नसलेला पगाराची स्लिप बघून अर्जच करत नाही. ईडब्ल्यूएसला (खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बलांना) उलट, तिथे सगळं उत्पन्न धरतात. (नॉन-क्रीमी लेअरचा दाखला पुढच्या 31 मार्चपर्यंत वैध लागतो. दर वर्षी जुना जोडणारे निघतातच.)

श्रेढी
तुम्ही दोघं फार उशिरा सुरुवात करताय. '94 आणि 94' हे गृहीतकच सोयीचं आहे.

भौतिक-रसायनचे 100 प्रश्न 90 मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला 54 सेकंद. गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत, प्रत्येकी 2 गुण. हा वेग समज असून येत नाही, संगणकावर घड्याळ लावून पेपर सोडवून येतो. तेवढे सराव पेपर कुठल्या घरात होतात? भौतिक-रसायन मराठीतून देता येतं, गणित फक्त इंग्रजीत. सेमीच्या मुलाने प्रोग्रेशन शाळेतच वाचलेलं असतं. पूर्ण मराठी माध्यमाच्या मुलाची अंकगणिती श्रेढी (तेच प्रोग्रेशन) पक्की असते, पण अकरावीचे पहिले काही महिने तो गणित शिकत नाही, शब्द शिकतो. आणि सीईटीत अकरावीचा भाग साधारण 20 टक्के.

उणे गुण नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नसतो. हेसुद्धा न सांगितलेली मुलं परीक्षेला बसतात.

कोथिंबीर_जुडी
एवढं रडगाणं कशाला? 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. टीएफडब्ल्यूएसमध्ये (शिक्षण शुल्क माफीच्या जागांमध्ये) तर जात विचारतच नाहीत, उत्पन्न बघतात. आणखी काय हवं?

सेतूकाठी
वसतिगृह, मेस, विकास शुल्क यातलं काहीच त्या माफीत येत नाही. प्रवेशही कॅपमधूनच हवा, व्यवस्थापन कोट्याला लागू नाही. टीएफडब्ल्यूएसचा चॉइस कोड (पर्यायांच्या यादीत भरायचा कॉलेज-शाखेचा क्रमांक) वेगळा असतो, शेवटी 'टी' असलेला. तो यादीत वेगळा भरला नाही तर पात्र असूनही विचार होत नाही. तिथे फक्त शिक्षण शुल्क माफ, आणि पुढे शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही.

स्वाधारचं, म्हणजे वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना मिळणाऱ्या शासकीय मदतीचं, गणित करा. मोठ्या शहरात वर्षाला 60,000: भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000, निर्वाह 8,000. दहा महिन्यांनी भागलं की जेवणाला 3,200 आणि खोलीला 2,000. पुण्यात कॉट बेसिसवर तरी राहून दाखवा. तेही मागाहून मिळतात, मेसवाला आगाऊ मागतो. शिवाय महाडीबीटीवरचे (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचे) पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. ते कधीतरी उघडलेलं बंद पडलेलं खातं असेल तर हप्ता अडकतो. अर्जाआधी बँकेत जाऊन आधार मॅपिंग तपासायचं, हे सांगणारं घरात कुणी हवं.

आडवा_छेद
स्वाधार आणि आगाऊ पैशांचं मान्य. रोकड हाताशी नसणं हा खरा अडथळा आहे, आणि तो शासनाने हप्ता प्रवेशाच्या दिवशी दिला तर सुटेल. पण 'सांगणारं घरात कुणी हवं' हे पटत नाही. अकरावीच्या वर्गशिक्षकाने एका तासात वैधता, टी कोड आणि आधार मॅपिंग फळ्यावर लिहून दिलं तर ते घर लागतच नाही.

श्रेढी
ज्या कॉलेजांत हजेरी कागदावर आणि मुलं क्लासला, तिथे तो फळा कुणासमोर लिहायचा? क्लासला न जाणारी दहा-बारा मुलं वर्गात बसलेली असतात, खरं तर त्यांच्यासमोरच. पण विनाअनुदानित तुकडीत वर्गशिक्षकही तासिका तत्त्वावरचा असतो, आणि सेतू केंद्रातले (दाखल्यांचे) कागद शिकवायची तासिका त्याला मिळत नाही.