मदत हवी आहे: नवीन १८ इंची रिम टाकल्यापासून ९० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतंय

वळणवेडा:
नमस्कार मंडळी, जरा तातडीचं आहे. मागच्या शनिवारी नवीन रिम आणि टायर टाकले, १८ इंची, गाडी दिसतेय एक नंबर, पण ९० च्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरायला लागतं, ११० ला हाताला मुंग्या येतात आणि १३० ला परत जरा कमी होतं. बॅलन्सिंग दोनदा करून झालं, मशीनवर चारही चाकं शून्य दाखवतात, मी स्वतः समोर उभा राहून बघितलंय. टायरवाला म्हणतो माझ्याकडून सगळं ओके आहे, तुमच्या सस्पेन्शनमध्ये काहीतरी असेल. जुन्या चाकांवर असलं काहीही नव्हतं. येत्या रविवारी ट्रॅक डे (रेसिंग ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायचा दिवस) आहे, पैसे भरून झालेत, त्यामुळे ज्यांना माहिती आहे त्यांनी प्लीज लवकर सांगा. टायर खराब निघालेत का? बदलून मागू का?

सहावा_गिअर:
गाडी कुठली ते तर लिहा.

हवाभरणी:
नायट्रोजन भरा. मी दोन वर्षं नायट्रोजनच वापरतोय, गाडी एकदम स्मूथ चालते. साध्या हवेत ओल असते, टायर गरम झाला की प्रेशर वरखाली होतं आणि मग हादरे बसतात.

पाना_१७:
@हवाभरणी प्रेशर दोन-तीन पीएसआय वरखाली झालं म्हणून ९० ला सुरू होऊन १३० ला कमी होणारी थरथर येत नाही हो. ठरावीक वेगाला येते आणि पुढे कमी होते म्हणजे कुठलं तरी चाक गोल फिरत नाहीये किंवा मध्यावर बसलेलं नाहीये. वळणवेडा, गाडी, रिमची रुंदी, ऑफसेट (रिमच्या रुंदीच्या मध्यापासून गाडीला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे ते), पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), मधल्या भोकाचा व्यास, टायर साइज, एवढं सगळं टाका. त्याशिवाय इथे नुसते अंदाज चालतील.

गिअरवाली:
अलाइनमेंट केलंत का? चाकं बदलली की अलाइनमेंट लागतंच. माझ्या गाडीला असंच झालं होतं, अलाइनमेंट केल्यावर गेलं.

पाना_१७:
ताई, अलाइनमेंट बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. थरथर नाही येत. तुमच्याकडे अलाइनमेंटच्या वेळी त्यांनी चाकं काढून परत बसवली असतील, तेव्हा नीट बसली असतील.

गिअरवाली:
चाकं काढली होती की नाही आठवत नाही. पण फरक पडला होता एवढं नक्की सांगते.

वळणवेडा:
अरे हो सॉरी, गाडी ८६ आहे, टोयोटा, २०१३ ची. रिम १८ बाय ८.५ इंच, टायर २३५/४० (रुंदी २३५ मिमी, बाजूची उंची त्याच्या ४० टक्के). ऑफसेट ३५ का ३८, रिमच्या मागे लिहिलेलं असेल, आत्ता चाक कोण काढणार. पीसीडी बरोबर आहे, नाहीतर बसलीच नसती ना. मधलं भोक म्हणजे काय विचारताय ते कळलं नाही, कॅप बसते तिथे.

आठवणींचा_टायर:
८६ म्हणजे मग मूळ टायरबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. या गाडीला कंपनीने २१५/४५ आर १७ मिशेलिन प्रायमसी दिले होते, जे प्रियसलाही मिळायचे. लोक हसले तेव्हा. पण ते मुद्दाम केलेलं होतं, पकड कमी ठेवली की साध्या वेगातही गाडीची शेपूट कशी सुटते आणि कशी परत आणायची ते हाताला कळतं. तेत्सुया तादा या गाडीचे चीफ इंजिनिअर, त्यांना आकड्यांपेक्षा चालवण्यातली मजा हवी होती. २३५ टाकून तुम्ही तीच चव घालवलीत असं मला मनापासून वाटतं. मी असतो तर १७ वरच राहिलो असतो, नाहीतर १६ वर गेलो असतो, चाक हलकं आणि साइडवॉल उंच.

सहावा_गिअर:
त्यांनी थरथर विचारलीय, चव नाही. आणि ट्रॅकवर जाणाऱ्या माणसाला पकड नकोय असं कोण म्हणेल?

आठवणींचा_टायर:
पकड लागणारच, नाही कशाला म्हणतोय. पण २०० ट्रेडवेअरचा, म्हणजे मऊ आणि जास्त पकडीचा टायर आधी लावला की हात शिकत नाही, टायर सांभाळून घेतो आणि चूक झाली हेही समजत नाही. ज्याने दहा-वीस दिवस ट्रॅक केलाय त्याने लावावा. शिवाय तसला टायर पावसात उभ्या पाण्यावर फार लवकर तरंगायला लागतो.

पाना_१७:
आता चित्र स्पष्ट झालं. @वळणवेडा ८६ च्या हबला (चाक ज्यावर बसतं तो भाग) मध्ये जो उंच गोल भाग असतो तो ५६.१ मिमी आहे. मूळ रिमचं मधलं भोकही ५६.१, म्हणून चाक सरकवलं की ते त्या गोलावर नेमकं मध्ये बसतं. बाहेरच्या रिम बनवणाऱ्यांना एकच रिम अनेक गाड्यांना खपवायची असते म्हणून ते भोक मोठं ठेवतात, बहुतेक ७३.१. मग मधे साडेआठ मिमी चहूबाजूंनी रिकामं राहतं आणि चाक मध्यावर आणायचं काम फक्त पाच नटांवर येतं. पहिला नट एअर गनने आवळला की चाक त्या बाजूला किंचित सरकतं आणि तिथेच अडकतं. मिलिमीटरचा काही दशांश भाग पुरतो.
आणि मशीनवर शून्य का दिसतं तेही यातच आहे. बॅलन्सिंग मशीनचा शंकू चाकाला त्याच्या मधल्या भोकातून धरतो, तिथे चाक बरोब्बर मध्ये असतं. गाडीवर ते मध्ये नसतं. दोनदा सोडा, दहादा बॅलन्स करा, मशीन शून्यच दाखवणार. टायरवाला खोटं बोलत नाहीये, टायर बदलून काही होणार नाही. ती रिकामी जागा भरणारी ७३.१ ते ५६.१ ची हब रिंग आणा, चार.

नटबोल्ट:
रिंगांनी काही होत नाही, हे सगळं खूळ आहे. कोनी सीटचे, म्हणजे टेकणारी बाजू निमुळती असलेले नट चाक आपोआप मध्ये आणतात. मी आठ वर्षं रिंगांशिवाय चालवतोय, एकदाही थरथर नाही. चाक जॅकवर उचललेलं असताना हाताने ताऱ्यासारखे, म्हणजे समोरासमोर थोडे थोडे आवळा, मग खाली टेकवून टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना) शेवटचं आवळा. बस.

पाना_१७:
तुम्ही सांगितलेली पद्धत बरोबरच आहे, रिंग असली तरी तशीच आवळायची. पण किती ठिकाणी असं आवळतात? गाडी खाली टेकलेली, आणि गनने सटासट पाच नट. रिंग असली की माणसाची घाई पचते.

नटबोल्ट:
रिंग वजन पेलत नाही हे तरी मान्य करा, लोक म्हणतात रिंग नसेल तर स्टडवर (नट ज्यावर चढतात ते बोल्ट) भार येतो.

पाना_१७:
मान्य. भार नटांच्या आवळण्याने हब आणि रिम घट्ट चिकटतात त्या घर्षणावर जातो, रिंग फक्त बसवताना मध्य धरते. म्हणून प्लास्टिकचीही चालते. फक्त ट्रॅकवर जायचंय तर ॲल्युमिनियमची घ्या, डिस्क तापल्या की प्लास्टिक मऊ पडतं. ॲल्युमिनियमच्या रिंगला हबवर थोडं ग्रीस लावा नाहीतर गंजून चिकटते.

हवाभरणी:
स्पेसर (हब आणि रिमच्या मधे टाकायची चकती) टाकले तर चालतील का? स्पेसर हबसेंट्रिक, म्हणजे हबच्या गोलावर नेमके बसणारे, मिळतात असं ऐकलंय.

सहावा_गिअर:
स्पेसरचं कुणी विचारलेलं नाही, आणि आधीच बाहेर आलेलं चाक अजून बाहेर कशाला?

वळणवेडा:
पाना भाऊ खूप धन्यवाद, आज एक चाक काढलं. मागे ७३.१ लिहिलंय! ऑफसेट ३५. रिंग कुठलीच नव्हती. उद्या रिंगा आणतो. एक विचारायचं होतं, डावीकडच्या पुढच्या चाकाचे दोन नट काढताना खूपच जड आले, शेवटपर्यंत पान्यानेच फिरवावे लागले आणि बारीक चमकीसारखा चुरा पडला. बाकीचेही हाताने नीट जात नाहीत, दीड-दोन आटे जातात आणि अडतात. नवीन नट आहेत म्हणून असेल का? जुने नट या रिमच्या भोकात पाना जाईल एवढी जागा सोडत नव्हते म्हणून दुकानातून बारीक नट घेतलेले.

टॉर्क_काका:
थांबा. नट कुठल्या आट्याचे आहेत? पाकिटावर काय लिहिलंय?

वळणवेडा:
१२ बाय १.५ (व्यास १२ मिमी, दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिमी). दुकानात टोयोटा सांगितलं तर त्यांनी हेच दिले.

सहावा_गिअर:
बरोबर आहेत ना मग, टोयोटा सगळ्या १२ बाय १.५ च असतात. माझ्याकडे दोन टोयोटा आहेत.

टॉर्क_काका:
नाही! ८६ नावाला टोयोटा आहे पण ती बनवली सुबारूने, बॉक्सर इंजिन सुबारूचं, हब सुबारूचे आणि स्टड १२ बाय १.२५. म्हणूनच पीसीडी पण ५ बाय १०० आणि भोक ५६.१, इम्प्रेझासारखं. १.२५ च्या स्टडवर १.५ चा नट एक-दोन आटे जातो आणि अडतो, हे तुम्ही लिहिलेल्या वर्णनाशी तंतोतंत जुळतं. मग गन लावली की आटे कापत आत जातो, तोच तुमचा चुरा. पान्याला घट्ट लागतो पण पकड काही आट्यांवरच असते. वळणवेडा, गाडी आता अजिबात चालवू नका, टायरवाल्यापर्यंत पण नाही. हे कळकळीने सांगतोय, माझ्यासमोर एकाचं चाक चालत्या गाडीतून सुटलेलं आहे, नशीब वेग कमी होता.

पाना_१७:
काकांशी १०० टक्के सहमत. मी भोकावर अडकून बसलो आणि नटांचं विचारायचंच राहिलं, ते आधी विचारायला हवं होतं. आता नुसते नट बदलून भागणार नाही, ज्या स्टडवर ते नट गनने चढवले ते सगळे स्टड बदला, चारही चाकांचे. स्टड दाबून काढता आणि बसवता येतात.

सहावा_गिअर:
हे माहीत नव्हतं. माझा प्रतिसाद चुकीचा होता, कुणी वाचून तसे नट आणू नका.

वळणवेडा:
बापरे. मी याच नटांवर १३० ने गेलोय. बायको शेजारी बसलेली. गाडी घरीच उभी आहे, मेकॅनिकला इथेच बोलावतो.

नटबोल्ट:
कोनी सीट ६० अंशाची आहे ना तेही बघून घ्या. काही रिमना गोल सीटचे नट लागतात, चुकीची सीट असेल तर कडेवरच टेकतात आणि नंतर सैल होतात.

गिअरवाली:
वाचूनच अंगावर काटा आला. सुटलात म्हणायचं. रविवार सोडून द्या हो, ट्रॅक डे परत येईल.

वळणवेडा:
अपडेट. वीसपैकी चौदा स्टडचे आटे खराब निघाले, सगळे वीस बदलले. १२ बाय १.२५ चे बारीक नट, ६० अंश कोन, आता प्रत्येक नट शेवटपर्यंत बोटांनी जातो. ॲल्युमिनियमच्या रिंगा टाकल्या, चाक उचलून समोरासमोर आवळलं आणि मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क पान्याने. काल ७०-८० किलोमीटर फिरून परत टॉर्क तपासला, दोन नट किंचित फिरले. थरथर पूर्ण गेली, १३० ला एका बोटाने धरता येतं. रविवारी नाही गेलो. पैसे गेले ते गेले.
आता एकच राहिलंय, आधी लिहायचं राहून गेलं. पूर्ण वळवलं की पुढे घासल्याचा आवाज येतो, आणि खड्ड्यात गेलं की मागेही कधीकधी. हे चालतं का?

टॉर्क_काका:
शाब्बास, नीट केलंत.

पाना_१७:
घासणारच, हिशोब बघा. मूळ चाक १७ बाय ७, ऑफसेट ४८. तुमचं १८ बाय ८.५, ऑफसेट ३५. म्हणजे बाहेरची कड ३२ मिमी बाहेर आली आणि आतली ६ मिमी आत गेली. त्यात २१५/४५ आर १७ चा पूर्ण व्यास ६२५ मिमी, २३५/४० आर १८ चा ६४५. वीस मिमी मोठं चाक, बाहेर सरकलेलं, जाईल कुठे. शिवाय स्पीडोमीटर सव्वातीन टक्के कमी दाखवत असेल, काटा १०० वर असताना आधी असायचा त्यापेक्षा सव्वातीनने जास्त.
२२५/४० टाकलात तर व्यास ६३७ होतो. २४५/३५ टाकलात तर ६२९, जवळजवळ मूळ, पण रुंदी वाढते म्हणजे परत बाहेरची कड आली. मी २२५/४० म्हणेन आणि पुढे थोडा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकवणं). लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मात्र मूळच्या ८७ पेक्षा खाली जाऊ देऊ नका.

नटबोल्ट:
टायर नवे कोरे आहेत, कशाला बदलायचे? मागच्या मडगार्डची आतली कड रोलरने दुमडून घ्या, पुढचं प्लास्टिक लायनर हीट गनने मागे दाबा. मी तसंच केलंय.

पाना_१७:
मडगार्ड दुमडला की रंग तडकतो, मग गंज. टायर विकता येतो, पत्रा परत सरळ होत नाही.

नटबोल्ट:
हीट गनने आधी पत्रा गरम केला तर रंग तडकत नाही, नीट करणारा माणूस हवा.

आठवणींचा_टायर:
म्हणून म्हणत होतो १७ बरी. १७ बाय ८, ऑफसेट ४५, २२५/४५. बाहेर फक्त १६ मिमी, काही दुमडायला नको, आणि सुबारूच्या मूळ ५ बाय १०० च्या रिम मिळाल्या तर भोक आधीच ५६.१, रिंगांची गरजच नाही.

वळणवेडा:
१८ सोडवत नाहीये, खरं सांगतो, रोज गॅरेजचं दार उघडून बघतो. २२५/४० च बघतो. तोपर्यंत खड्डे हळू घेतो आणि स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवत नाही.

पाना_१७:
हळू घ्याच, पण टायरची बाहेरची खांद्याची कड रोज हाताने तपासा. चर पडलेली दिसली तर थांबू नका, लगेच बदला.

हवाभरणी:
माझ्या पण रिम बाहेरच्या आहेत, हे वाचून आज मागे बघितलं तर ६७.१ लिहिलंय. गाडी माझदा एमएक्स फाइव्ह, एनडी पिढीची, पीसीडी ४ बाय १००. मला पण रिंग लागेल का? ८० ला किंचित थरथर आहे, मी ती रस्त्याची समजत होतो.

पाना_१७:
एनडीचा हब ५४.१. लागेल. आणि आधी एक नट बोटांनी फिरवून बघा, शेवटपर्यंत जातो का ते इथे कळवा.