मदत हवी आहे : व्हॉट्सअ‍ॅप ब्रिजचा बॉट रूममध्ये येतच नाही

नमस्कार मंडळी,

गावच्या वाचनालयाचे आम्ही आठ कार्यकर्ते. पुस्तकांच्या याद्या, देणगीच्या पावत्यांचे फोटो, आपसातली बोलणी सगळं आमच्याच मॅट्रिक्स (स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारी गप्पांची खुली व्यवस्था) सर्व्हरवर चालतं. वाचनालयातल्या जुन्या डेस्कटॉपवर, डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगवेगळ्या बंद कप्प्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) सिनॅप्स, म्हणजे मॅट्रिक्सचा सर्व्हर प्रोग्राम. वाचक मात्र सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर. सत्तरीतल्या काकूंना नवं अ‍ॅप घ्यायला लावणं मला पटत नाही, म्हणून माउट्रिक्सचा व्हॉट्सअ‍ॅप ब्रिज (दोन्हीकडचे संदेश इकडून तिकडे नेणारा प्रोग्राम) बसवतेय.

ब्रिजची ओळख पटवणारी रजिस्ट्रेशन फाइल सिनॅप्सच्या कॉन्फिगमध्ये जोडली, रीस्टार्ट केलं, त्यातली दोन्ही टोकन (गुप्त परवलीची अक्षरं) अक्षर न् अक्षर ताडून पाहिली. तरी ब्रिजच्या बॉटला (त्याचं आपोआप चालणारं खातं) रूममध्ये बोलावलं की नावापुढे 'आमंत्रित' एवढंच दिसत राहतं. ब्रिजच्या लॉगमध्ये त्या वेळची एक ओळही नाही. सिनॅप्सचा लॉग सांगतो : लोकलहोस्ट, पोर्ट २९३१८, कनेक्शन रिफ्यूज्ड. त्याच पोर्टला मी कर्ल केलं (कमांडने विनंती पाठवून पाहिली) तर उत्तर येतं! दोन रात्री यातच गेल्या. कुठे चुकतंय?

उत्तर : ताई, कर्ल तुम्ही डेस्कटॉपवरून केलंत. सिनॅप्स कंटेनरच्या आत आहे, त्याच्या लेखी लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतःच. दोन्ही कंटेनर एकाच डॉकर नेटवर्कवर घ्या आणि लोकलहोस्टच्या जागी ब्रिजच्या कंटेनरचं नाव लिहा, ब्रिजच्या कॉन्फिगमध्येही आणि रजिस्ट्रेशन फाइलच्या यूआरएलमध्येही. फाइल नव्याने बनवलीत तर टोकन बदलतील, तेव्हा हातानेच दुरुस्त करा. मग दोन्ही रीस्टार्ट.

अपडेट : दादा, झालं! बॉट लगेच आत आला. त्याने दिलेला क्यूआर वाचनालयाच्या फोनने स्कॅन केला आणि वाचकांचा ग्रुप रूम होऊन समोर उघडला. पहिलाच संदेश काकूंचा : 'दिवाळी अंक आले का?' खूप आभार.

ब्रिज संदेश उलगडून पुढे देतो, म्हणजे आमच्या सर्व्हरवर ते वाचता येतात. हे ग्रुपवर स्पष्ट लिहून सगळ्यांची संमती घेतली. फोन १४ दिवस वापरला नाही तर जोडलेली उपकरणं लॉग-आउट होतात, म्हणून तो आता कपाटात न ठेवता देवघेवीच्या टेबलावर चार्जिंगला असतो.

एकच अडलंय. मी लिहिलेलं ग्रुपवर जातं, बाकी सात जणांचं जात नाही. त्यांनी आपापले नंबर जोडावेत असं मला नको आहे, उत्तर वाचनालयाच्याच नंबरवरून, लिहिणाऱ्याच्या नावासह जावं. कॉन्फिगमध्ये रिले (इतरांचे संदेश एकाच जोडलेल्या नंबरवरून पाठवण्याची सोय) चालू केलंय, सातही जणांना रिलेची परवानगी दिलीय. आता सेट-रिलेची कमांड त्या रूममध्ये मीच द्यायची ना? बालवाचकांचा ग्रुप वेगळा आहे, तिथे ती पुन्हा द्यावी लागेल का?