नवीन ड्रायव्हर सी भाषेत लिहिलेला असेल तर मशीन घेऊच नये?

शिरोली_फाटा
विषय जरा किचकट आहे, पण कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावात ज्यांच्या शॉपमध्ये पीसीवर चालणारी मशीनं आहेत त्यांनी वाचाच.

माझं म्हणणं सरळ आहे. यापुढे मशीन, कार्ड, स्कॅनर काहीही घेताना पुरवठादाराला विचारा: सोबतचा ड्रायव्हर (उपकरण आणि पीसी यांना बोलतं करणारा प्रोग्रॅम) कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, चालतो का, आणि चालत असेल तर कोणत्या भाषेत लिहिलाय? 'कर्नलमध्ये, सीमध्ये आणि नवीनच लिहिलाय' असं उत्तर आलं तर ऑर्डर थांबवा.

कर्नलमधल्या ड्रायव्हरचा सगळ्या मेमरीवर हक्क असतो. त्याला वरच्या प्रोग्रॅमकडून निरोप येतो, 'हा डेटा घे, इतके बाइट आहेत.' समजा ड्रायव्हरने १,००० बाइटची जागा धरलीय. समोरच्याने ५,००० सांगितले आणि ड्रायव्हरने आकडा न तपासताच कॉपी मारली, तर उरलेले ४,००० बाइट कर्नलच्या भलत्याच गोष्टीवर लिहिले जातात. सी यावर हूं की चूं करत नाही. एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्सच्या बऱ्याच लेझर प्रिंटरांसोबत येणाऱ्या एसएसपोर्ट नावाच्या ड्रायव्हरात नेमकी हीच चूक होती. २००५ पासून तो वाटला जात होता, बिंग फुटलं २०२१ मध्ये. प्रिंटर जोडलेला असो वा नसो, विंडोज चालू झाली की तो चढायचा, आणि साध्या युजरला त्यातून अख्ख्या मशीनचा ताबा घेता यायचा. राजारामपुरीत एका रांगेतली ऑफिसं धरली तरी असले प्रिंटर किती निघतील ते तुम्हीच बघा.

मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या दरवर्षीच्या सुरक्षा त्रुटींपैकी साधारण ७० टक्के मेमरीच्या असतात. अँड्रॉइडमध्ये हे प्रमाण २०१९ ला ७६ टक्के होतं, २०२४ ला २४ टक्क्यांवर आलं. त्यांनी जुना कोड मोडून पुन्हा लिहिला नाही. नवीन कोड रस्टसारख्या, मेमरीच्या चुका आपणच अडवणाऱ्या भाषांत लिहायला घेतला, बस्स. मग आपण पैसे मोजणारे लोक एवढी अट का घालू नये?

पॉइंटरकाका
ऑर्डर थांबवून मशीन येणार कुठून, ते लिहायचं राहिलं.

मी डेटा घेणाऱ्या कार्डांचे ड्रायव्हर लिहून पोट भरतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. कार्डाला सांगायचं असतं, 'या पत्त्यावर डेटा ओत.' ड्रायव्हरने ती जागा सोडून दिली आणि कार्ड ओततच राहिलं, तर रस्टचा कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) काय करणार? त्याला कार्ड दिसत नाही. त्याला फक्त तुमचा कोड दिसतो. कार्डाच्या रजिस्टरला, म्हणजे त्याच्या कंट्रोलच्या खणाला, हात लावायचा म्हणजे कुठेतरी 'अनसेफ' (इथली खात्री माझी, अशी कंपायलरला दिलेली खूण) लिहावंच लागतं. लिनक्स कर्नलमधल्या रस्ट कोडला पहिला सीव्हीई नंबर (जाहीर सुरक्षा त्रुटीला मिळणारा क्रमांक) डिसेंबर २०२५ मध्ये मिळाला, तो अँड्रॉइडच्या बाइंडर ड्रायव्हरसाठी, आणि भानगड अनसेफ भागातच होती. म्हणजे भाषा बदलली की सुटलो, असं काही नाही.

दुसरं, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीचं बिघडलेलं अपडेट. १९ जुलै २०२४ ला जगभरची साधारण ८५ लाख विंडोज मशीनं झोपली. मूळ काय, तर २० खणांची यादी आणि कोड वाचायला गेला २१ वा. हाच कोड रस्टमध्ये सरळ यादी[क्रमांक] असा लिहिला असता तर पॅनिक (चूक दिसताच प्रोग्रॅमने स्वतःच थांबणं) आला असता, आणि कर्नलमध्ये पॅनिक म्हणजे मशीन बंदच. निळा पडदा तो निळा पडदाच.

शिरोली_फाटा
काका, त्या सीव्हीईबद्दल अर्धंच सांगितलंत. त्याच दिवशी त्याच कर्नलमधल्या सी कोडसाठी दीडशेच्या वर सीव्हीई निघाले. कर्नलमध्ये सी कोड कितीतरी पट जास्त आहे, म्हणून ही तुलना सरळसोट धरू नये, हे मान्य. पण रस्टवाली चूक सापडली कुठे? अनसेफ खूण असलेल्या मोजक्या ओळींत. सीमध्ये प्रत्येक ओळ अनसेफच असते, फक्त तसं लिहिलेलं नसतं.

आणि मशीन बंद पडणं वेगळं, मशीन दुसऱ्याच्या ताब्यात जाणं वेगळं. बंद पडली तर शिफ्ट जाते. ताब्यात गेली तर ड्रॉइंग जातात, पार्टीचा डेटा जातो, आणि बातमी कळते सहा महिन्यांनी.

उद्यमनगर_लेथ
तुमचं दोघांचं इंग्लिश पिक्चरसारखं चाललंय, आमचं ऐका जरा.

आमच्या व्हीएमसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनला, प्रोग्रॅम पाठवायला पीसीतून यूएसबी-सिरीयल केबल जाते. शेजारी पॉवर प्रेस. दणका बसला की टेबल हलतं, केबल सैल होते, आणि प्रोग्रॅम जात असतानाच निळा पडदा. पोरगं केबल दाबून पीसी परत चालू करतं, जॉब पुन्हा पहिल्यापासून. पीसी विंडोज ७ चा, कारण मशीनवाल्याचं सॉफ्टवेअर दहावर चालत न्हाई. त्याला फोन केला तर म्हणतो नवीन कंट्रोलर घ्या. आता ह्या माणसाला मी विचारू, ड्रायव्हर कुठल्या भाषेत लिहिलाय? फोन ठेवून देईल.

अपडेटचं पण सांगू नका. २०१४ ला एफटीडीआय या केबलीतल्या चिपा बनवणाऱ्या कंपनीनं विंडोज अपडेटमधून ड्रायव्हर पाठवून नकली चिपांचा आयडीच शून्य करून टाकला होता. केबली मेल्या लोकांच्या. बाजारातनं केबल आणणाऱ्याला चिप असली का नकली, काय कळणार? तवापासून अपडेट बंद.

रंकाळा_संध्याकाळ
लेथवाले दादा, तुमची केबल म्हणजे या धाग्यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. केबल सुटली की ड्रायव्हर 'उपकरण गेलं' म्हणून आपली मेमरी सोडून देतो. त्याच क्षणी दुसरा थ्रेड (त्याच ड्रायव्हरचं सोबत चालू असलेलं दुसरं काम) वाचायच्या मध्यावर असेल, तर तो सोडलेल्या जागेतच वाचत राहतो. याला यूज आफ्टर फ्री म्हणतात. तुमच्याकडे नेमकं हेच होतंय का, ते डंप फाइल (बंद पडताना विंडोजने टिपलेली नोंद) बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण यूएसबी ड्रायव्हरांचं हे जुनं दुखणं आहे. लिनक्सच्या यूएसबी ड्रायव्हरांवर २०१७ मध्ये उलटसुलट डेटा देऊन चुका काढणारं सिझकॉलर हे टूल सोडलं, तेव्हा असल्या चुकांचा ढीग निघाला. प्रेसच्या दणक्याने होतं तेच एखादा खोडसाळ पेनड्राइव्ह मुद्दाम करू शकतो.

मला मात्र शिरोली आणि काका दोघंही चुकीच्या जागी भांडताय असं वाटतं. भाषा दुय्यम. ड्रायव्हर कर्नलमध्ये मुळात कशाला? सोसायटीच्या वॉचमनला प्रत्येक फ्लॅटची किल्ली देऊन ठेवायची आणि मग तो प्रामाणिक आहे का यावर वाद घालायचा, तसं चाललंय. ॲपलने २०१९ पासून ड्रायव्हरकिट आणून बरेच ड्रायव्हर कर्नलबाहेर काढायला घेतले. विंडोजमध्येही युजर मोडचे, म्हणजे कर्नलबाहेर चालणारे, ड्रायव्हर लिहिता येतात. बाहेरचा ड्रायव्हर मेला तर तो एकटा मरतो.

शिवाय प्रत्येक भोक मेमरीचं नसतं. २०२१ च्या प्रिंटनाइटमेअर या विंडोजच्या प्रिंटिंगमधल्या भोकात ड्रायव्हर बसवायची परवानगीच नीट तपासली जात नव्हती. रॉबिनहूड या रॅन्समवेअरने (डेटा अडकवून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) गिगाबाइट कंपनीचा डिजिटल सही असलेला जुना ड्रायव्हर स्वतः आणून बसवला. तो ड्रायव्हर कोणालाही कर्नलच्या मेमरीत लिहू द्यायचा. हे रस्टमध्ये लिहिलं असतं तरी तेवढंच घातक ठरलं असतं.

पॉइंटरकाका
युजर मोडचं मान्य, पण सगळीकडे चालत नाही. माझ्या कार्डाला काही मायक्रोसेकंदांत उत्तर लागतं, बाहेर-आत फेऱ्या मारत बसलो तर सॅम्पल गळतात. प्रिंटर, स्कॅनर, सिरीयल केबल यांना कर्नलमध्ये जागा द्यायची गरज नाही, हे मात्र मीही म्हणतो.

आता अटीबद्दल. आमच्यासारख्या छोट्या कंपनीत ड्रायव्हरवर दोन माणसं असतात. चिपवाला जो नमुना कोड देतो तो सीमध्ये. विंडोजसाठी रस्टची जुळणी मायक्रोसॉफ्टने आणलीय, पण तिच्या भरवशावर गिऱ्हाइकाला तारीख द्यायची माझी तयारी नाही. तुम्ही अट घातली तर मोठे परदेशी पुरवठादार कागदावर टिक करतील आणि इथला माणूस बाहेर फेकला जाईल. त्यापेक्षा काम कसं तपासलं ते विचारा ना. ड्रायव्हर व्हेरिफायर हे विंडोजचं तपासणीचं टूल लावून चालवला का? लांबीचे उलटेसुलटे आकडे देऊन फझिंग केलं का? चालू असताना केबल उपटून बघितली का? मी हे करतो. बाजारात निम्मे जण करत नाहीत, असा माझा अंदाज.

शिरोली_फाटा
तुम्ही करता म्हणून तुमचा कोड चालतो, काका. उद्या तुमच्या जागी जो बसेल त्याच्यावर डिलिव्हरीची घाई असणार, आणि सीमध्ये विसरायला काहीच लागत नाही. मी म्हणतो ती शिस्त कंपायलरकडून घ्यावी.

इथल्या माणसाचा मुद्दा मात्र खरा आहे, त्यावर माझ्याकडे आज उत्तर नाही.

उद्यमनगर_लेथ
बरं, मी सोमवारी काय करू ते सांगा. रस्ट शिकू का प्रेस हलवू?

रंकाळा_संध्याकाळ
प्रेस राहू दे, केबल टेबलाला क्लॅम्प करा. तो पीसी इंटरनेटवरून काढा, ऑफिसच्या नेटवर्कवरूनही काढा. पेनड्राइव्ह एकच ठेवा, तोही फक्त त्या कामाचा. ऑफिसच्या पीसीवर विंडोज ११ असेल तर सिक्युरिटीत 'मेमरी इंटिग्रिटी' (कर्नलमध्ये खात्री नसलेला कोड चालू न देणारी सोय) चालू करून बघा. एखादा जुना ड्रायव्हर आडवा आला तर विंडोज त्याचं नाव दाखवते. बहुतेक वेळा जुन्या डोंगलचा नाहीतर प्रिंटरचा निघतो. लागत नसेल तर उडवा. विंडोज १० वर असाल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय, ते आधी बघा.

पॉइंटरकाका
आणि पुढचं मशीन घेताना ऑर्डरमध्ये एवढं टाका: 'ड्रायव्हर युजर मोडमध्ये द्यावा, कर्नलमध्ये लागत असल्यास कारण लेखी द्यावे, फझिंगचा अहवाल जोडावा, सुरक्षा त्रुटी आढळल्यास मशीन वापरात असेपर्यंत विनामूल्य दुरुस्ती.' भाषेचं नाव घालू नका.

शिरोली_फाटा
'नवीन कर्नल कोड सीमध्ये असल्यास कारण लेखी द्यावे' हेही घाला. नुसतं कारणच मागतोय.

उद्यमनगर_लेथ
'वापरात असेपर्यंत' वर कोण सही करतोय? माझी व्हीएमसी माझ्या पोराच्या हातात जाणार हाय. पाच वर्षं लिहितो, त्यावर घासाघीस होऊन तीन तरी पदरात पडतील. कारणाची ओळ घालतो दोन्ही, लेखी द्यायला पैसे पडत न्हाईत.