१६०० मीटर ५:४२ वर अडकलंय, पायांत ताकद वाढवून खाली येईल का?

नमस्कार मंडळी. पोलीस भरतीची तयारी करतोय. वय २२, वजन ६१ किलो. मागच्या भरतीत ग्राउंडला ५० पैकी ३३ पडले आणि लेखीच्या यादीतून तीन गुणांनी बाहेर राहिलो. गोळा बरा जातो, गोठ्यातल्या कामाने हात तयार आहेत. मार खातो तो १६०० ला. २० पैकी २० हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांत यावं लागतं, आणि मी सहा महिने ५:४२ च्या खाली सरकलेलो नाही.

रविवारी पुतण्याच्या हातात स्टॉपवॉच देऊन ४०० च्या ट्रॅकवर चारही राउंड वेगळे मोजले: ७८, ८४, ९०, ९०. तिसऱ्या राउंडला दम लागतोच, पण त्याआधी पायच उचलेनासे होतात. मांड्या भरून येतात आणि टाचा वाजायला लागतात. पुतण्या म्हणाला, "काका, पलीकडच्या बाजूला असताना पण थप थप ऐकू येतं."

रोज पहाटे ५ किमी, मंगळवार-शुक्रवार ४०० चे सहा, आणि रात्री २०० बैठका, हा नेम आहे. बैठकांची सवय तालमीतली. अकॅडमीतले सर म्हणतात जिमच्या नादाला लागू नको, पाय जड होतील. मावसभाऊ सैन्यात आहे, तो म्हणतो वजन घेऊन स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठका) मारल्याशिवाय वेग येत नाही. आमच्या तालमीत २० किलोचा बार आहे आणि सगळ्या मिळून ४० किलोच्या प्लेटा. ग्राउंडला तीन महिने आहेत असं धरून चाललोय. काय करू? आणि डांबरी रस्त्यावर पळालं की डावी नडगी आतून दुखते, त्याचंही सांगा.

प्रतिसाद १:
बैठका आजपासून बंद कर. दोनशे निघतात याचाच अर्थ एकेका बैठकीला पायांना फारसा जोर लावावा लागत नाही. तुला हवाय तो पाऊल टेकलं की जमिनीला जोरात आणि झटकन रेटा द्यायची ताकद. त्यासाठी वजन जास्त आणि आकडा कमी. बारसकट ४० किलोने स्क्वॉट सुरू कर, पाचचे तीन सेट, मध्ये तीन मिनिटं बस. अजून दोन निघाले असते असं वाटतानाच थांबायचं. आठवड्यातून दोनदाच, आणि जमेल तसं वजन वाढवत न्यायचं.

सरांची भीती अगदीच खोटी नाही. पोरं जिमला जाऊन पंधरा-पंधराचे सेट मारतात, दुसऱ्या दिवशी आंबलेल्या मांड्या घेऊन पळतात आणि म्हणतात जिमने वाट लावली. म्हणून वजन मंगळवार-शुक्रवारीच घे, पहाटे ४०० झाले की संध्याकाळी. बुधवार-शनिवार मग निवांत पळायला मिळतील. पाचच्या सेटने, तेही इतकं पळत असताना, अंग काही फुगत नाही. आपल्या बीडच्या अविनाश साबळेला बघ. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात, तो २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये ८:११.२० मध्ये आला. पायांत ताकद नसताना हे होतं का? आणि अंगाने आहे काटकुळाच.

टाचा वाजतात त्याला पोटरी कारण असू शकते. पायरीच्या कडेवर एका पायाच्या चवड्यावर उभं राहून टाच हळूहळू खाली-वर, प्रत्येक पायाला बारा. सोबत दोरीउड्या, तीस सेकंदांच्या चार फेऱ्या. ग्राउंडच्या आधी आठ-दहा दिवस वजन बंद.

प्रतिसाद २:
ताकदीचं वर आलंच आहे, पण राउंड परत वाच. ५:१० म्हणजे सरासरी ७७.५. तू पहिला राउंड ७८ ने मारलास, म्हणजे अजून अंगात नसलेल्या टायमिंगने सुटलास. ८४ चे तीन आणि शेवटचा ८२ असं पळालास तर ५:३४ होतात. आठ सेकंद फुकट.

प्रतिसाद ३:
नडगीवर बोट दाबत वरून खाली या. वीतभर पट्टा दुखत असेल तर डांबर सोडून मातीवर पळा, किलोमीटर कमी करा, पोटरीचा व्यायाम चालू ठेवा. एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल किंवा रात्री बसल्या जागी ठणकत असेल, तर पळणं आणि दोरीउड्या लगेच थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक चीर असू शकते, ती सुरुवातीला एक्स-रेत दिसेलच असं नाही.

धागाकर्ता (सहा आठवड्यांनी):
सगळ्यांचे आभार. नडगी पट्ट्यातच दुखत होती, आता शेताच्या बांधावरच्या मऊ रस्त्याने पळतो, त्रास जवळपास गेला. कालची ट्रायल: ८३, ८३, ८३, ८१. म्हणजे ५:३०. चौथ्या राउंडला टाचा वाजल्या का असं पुतण्याला विचारलं, म्हणाला वाजल्या, पण थोड्या.

आता अडचण वेगळीच. तालमीतल्या प्लेटा संपल्या. बारसकट ६० किलो पाचदा आरामात निघतात. तालुक्याच्या जिमची फी परवडत नाही. एक पाय मागे बाजेवर ठेवून एका पायावर तेच वजन घेऊ, की वाळूची गोणी बांधून बारवर लटकवू? गोणी हलली तर कमरेला काही होईल का?