'बनगरवाडी'त कथानक नाही, असं म्हणायचं का? (चर्चा; प्रत्येकाचं टोपणनाव त्याच्या मजकुराच्या वर आहे)

ओढ्याकाठी
गेल्या आठवड्यात बी.ए.च्या उत्तरपत्रिका तपासत होते. प्रश्न नेहमीचाच: कादंबरीचे घटक 'बनगरवाडी'च्या आधारे स्पष्ट करा. बहुतेकांनी कथानक, पात्रचित्रण, वातावरण, निवेदन, भाषाशैली असे मथळे पाडून पानं भरली होती. एका मुलीने मात्र 'कथानक' या मथळ्याखालच्या चार ओळी खोडल्या होत्या आणि शेजारी लिहिलं होतं, "यात कथानक फारसं नाही. पाऊस पडत नाही, एवढंच."

नमुना उत्तराप्रमाणे गुण कापायला हवे होते. माझा हात धजावला नाही. सगळ्या गठ्ठ्यात पुस्तक खरोखर वाचून लिहिलेली ओळ मला तीच वाटली.

कादंबरीकार ना. सी. फडक्यांचं लेखनतंत्रावरचं 'प्रतिभासाधन' १९३१चं. तेव्हापासून गुंफण, गुंतागुंत, उकल हे शब्द आपल्या शिकवण्यात इतके मुरलेत की कथानक म्हणजे कणा आणि बाकी सगळं वरचा साज, असंच मुलांना वाटतं. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी (१९५५) त्या साच्यात बसवून पाहा. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा सुरू करतो, गावाकडून तालीम बांधून घेतो, दुष्काळ पडतो, वाडी ओस पडते. संपलं. या पुस्तकात वातावरण हाच मुख्य घटक आहे. माणसंसुद्धा त्या माळातूनच उगवलेली आहेत.

गोफण
ताई, मुलीचं कौतुक मलाही वाटलं, पण मत पटलं नाही. याच लेखकाचं 'माणदेशी माणसं' घ्या, १९४९चं. मुलूख तोच, माणसं तशीच, भाषा तीच. तरी त्याला आपण व्यक्तिचित्रं म्हणतो, कादंबरी म्हणत नाही. वातावरण दोन्हीकडे भरपूर आहे. मग फरक कशाने पडला? 'बनगरवाडी'त एका गोष्टीमुळे दुसरी घडते. परका मास्तर हळूहळू वाडीचा होतो, तालमीसाठी सगळी वाडी एकत्र येते, आणि असं गाव जमून आल्यावर ते विस्कटतं. हे कथानकच आहे. ते मारामारीचं किंवा प्रेमाच्या त्रिकोणाचं नाही, म्हणून आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

नवकथेनंतर, म्हणजे घटनेपेक्षा मनाच्या अनुभवावर भर देणारी कथा आल्यावर, "कथानक नसलं तरी चालतं" असं म्हणायची सवयच लागली. माझ्याकडे नवी मुलं कथा वाचायला देतात. संध्याकाळ, चहाचा कप, खिडकी, आजीची आठवण. चार पानं झाली तरी कुणाचं काही बिघडत नाही, कुणाला काही हवं नसतं. त्यांना "वातावरण पुरतं" असं सांगणं म्हणजे त्यांचं नुकसान करणं आहे.

सांजवात
तुम्ही दोघं निवेदकाला का सोडून देता? सगळी कादंबरी मास्तर 'मी' म्हणून सांगतो. तो नवखा, म्हणून वाडीतली साधी गोष्टही त्याला थांबून पाहावी लागते, आणि आपल्यालाही. हीच हकिकत वाडीच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याने सांगितली असती तर? त्याला माळाचं वर्णन करायची गरजच पडली नसती, कारण त्याने दुसरं काही पाहिलेलंच नाही. मग ताईंचं वातावरण कुठून आलं असतं? आनंदा रामोशी चोरी करतो, तरी आपल्याला त्याचा राग येत नाही. तोही मास्तरच्या नजरेचा गुण.

माणगंगा
मी आटपाडीकडचा. साहित्याचं शिक्षण नाही, पण त्या मुलीच्या बाजूने बोलतो. "पाऊस पडत नाही, एवढंच" यातलं 'एवढंच' आमच्याकडे फार मोठं असतं. पाऊस नाही म्हणजे चारा नाही, चारा नाही म्हणजे मेंढरं हलवायची, आणि मेंढरांमागे माणूस जाणारच. शाळेत पोरं उरली नाहीत तर मास्तरने कुणाला शिकवायचं? गोफणदादा म्हणतात ती एकामुळे दुसरी गोष्ट हीच की. ती कुणा माणसाच्या मनात शिजलेली नाही, एवढाच फरक.

ओढ्याकाठी
माणगंगा, हे मला वर्गात कधी इतकं नीट सांगता आलं नाही. सांजवात, तुमचा मुद्दाही मान्य, निवेदन मी गृहीतच धरून बसले होते.

गोफण, 'माणदेशी माणसं'ची तुलना बिनतोड आहे, त्यावर मी दोन दिवस विचार करतेय. कार्यकारणभाव आहे, हे कबूल. पण ते कारण माळानेच पुरवलंय. वाडी तिथून उचलून कृष्णाकाठच्या बागायती गावात ठेवा, शेवट घडणारच नाही. मग याला कथानक म्हणायचं की वातावरण?

गोफण
दुष्काळ माळाने पुरवला, पण तो कधी आणायचा हे माडगूळकरांनी ठरवलं. तालीम उभी राहण्याआधी दुष्काळ आला असता तर ती फक्त एक दुष्काळाची बातमी झाली असती. सगळ्यांच्या घामाची भिंत आधी आपल्याला दाखवली, म्हणून ओस वाडी इतकी लागते. हा क्रम लावणं म्हणजेच कथानक, आणि यावरून मी हटणार नाही.

त्या मुलीला गुण किती दिलेत, ते मात्र सांगा.

ओढ्याकाठी
दहापैकी आठ. खोडलेल्या ओळीसुद्धा वाचल्या. त्यात तालमीचा उल्लेख होता.